बोट फिरते तोवर

वादी किती ताणायची ते पाय सांगतो. बापानं मला शिकवलं ते एवढंच, आणि मी सारी उमर तेवढ्यावर चाललो. आमची चप्पल म्हणजे टायरचा एक पातळ तुकडा, त्याला तीन भोकं आणि त्यातून ओवलेली एक लांब वादी. खिळा नाही, टाच नाही, शिलाई नाही. अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या मधून वादी वर येते, पावलावरून बाहेरच्या भोकात जाते, टाचेमागून फिरते, आतल्या भोकातून परत पावलावर येते, आणि घोट्यापाशी एकच गाठ. ढिली असली तर पाय म्हणतो ढिली आहे. जास्त ताणली तर म्हणतो सोड.

आता माझा पाय काही म्हणत नाही.

आज सकाळी मागच्या खोलीत स्टूल ठेवून मी आढ्याला बांधलेलं बोचकं खाली काढलं. कौसल्या, माझी बायको, स्टूल धरून उभी होती आणि तिचं तोंड चालूच होतं.

"पडसान नं. एक पाय तं तसाच चालला, दुसराई मोडून घ्या."

"तू स्टूल धर."

"धरलाच आहे. मले का हौस आहे, दोन-दोन पाय घेऊन दवाखान्यात फिराची?"

बोचकं म्हणजे बापाचं जुनं धोतर. त्यात दोन चपला. रबर दगडासारखं झालं होतं, कडांना भेगा पडल्या होत्या. वादी वाळून काटकी झालेली. ती मधोमध कापलेली होती, पण गाठ मात्र जशीच्या तशी. मी चपला नाकाशी नेल्या. वास होता. एवढ्या उन्हाळ्यांनंतरही होता. वादीला चोळलेलं एरंडीचं तेल, तापलेलं रबर आणि खाली कुठेतरी धूर. मी तसाच बसून राहिलो. चपला नाकाला लावून बसलेल्या माणसाला बाईनं काय म्हणावं.

या चपला सोनाआत्याच्या, म्हणजे माझ्या बापाच्या मोठ्या बहिणीच्या. त्यांना पुढचं भोक नाही. अंगठ्याचं भोक बापानं पाडलंच नव्हतं.

आमचं गाव रोहण्याच्या अलीकडे. तेव्हा पुलगावहून आर्वीकडे रेल्वेची छोटी गाडी चालायची. इतकी हळू, की पोरं उतरून बोरं तोडत आणि पळत जाऊन परत चढत. दिवाळी झाली, पऱ्हाटीची वेचणी सुरू झाली, की बाप त्या गाडीनं पुलगावला जाई आणि तिथून मोठ्या गाडीनं हिंगणघाटला, कापसातून सरकी काढायच्या जिनिंगवर. हिवाळा म्हणजे बाप घरी नसणं. माझ्या लहानपणच्या सगळ्या थंड्या तशाच आहेत. चुलीपुढची एक जागा रिकामी, आणि माय त्या जागेला पाठ करून बसलेली.

पळस फुलला की तो येई. भुवयांत कापसाची रुई, कानात रुई, छातीच्या केसांत रुई. अंगाला सरकीचा तेलकट वास, जो दोनदा आंघोळ केली तरी जात नसे. जाताना काडी असलेला माणूस येताना पोट सुटल्यासारखा दिसे, कारण जिनिंगच्या यंत्राचा झिजलेला कातडी पट्टा तो धोतराखाली कमरेला गुंडाळून आणी. तिथे एका लांब दांड्यावरून असे पट्टे फिरत, एकेका यंत्राला एकेक. झिजले की फेकून देत.

"जिनिंगचं जेवन अंगाले लागलं वाट्टे," माय म्हणे.

"लागलं तं," बाप म्हणे, आणि ओट्यावर उभा राहून गोल गोल फिरत पट्टा सोडी. आम्ही पोरं टाळ्या वाजवत असू.

त्या पट्ट्याची वादी निघायची. पट्टा पाण्यात भिजवून, त्यातून तळहाताएवढा गोल तुकडा कापून, मधोमध भोकं पाडायची आरी टोचून तो लाकडी पाटीवर रोवायचा. मग कडेला रापी, म्हणजे कातडं कापायची सुरी, धरायची आणि तुकडा फिरवायचा. रापी फिरवायची नाही, नुसती आत सरकवत न्यायची, फिरवायचं कातडं. कड सुटत जाई, सारखी, बारीक, सापासारखी ओली, आणि तेवढ्याशा तुकड्यातून ओटाभर वादी निघे. बाप श्वास धरी. आम्हीही धरत असू. मध्ये तुटली तर तो शिवी देत नसे, बोलत नसे. तो तुकडा बाजूला ठेवून नवा घेई. जोडलेली वादी आमच्या घरात कोणाच्या पायात आली नाही.

तळ टायरचा. टायर कारंजाच्या हमरस्त्यावरून यायचं. तिथे ट्रक थांबत, ढाब्यांमागे फाटकी टायरं पडलेली असत. ते कापताना कडू काळा वास सुटे आणि जेवताना हाताला येई. माप संध्याकाळी घ्यायचं, हा बापाचा कायदा होता. "सकायचा पाय खोटा," तो म्हणे. "दिवसभर चालला का मंग पाय पुरा होते." दिवा लागायच्या आधी आम्ही एकेक जण टायरवर उभं राहायचो, सगळा भार देऊन. बाप जळक्या काडीनं पायाभोवती रेघ ओढी. पावलाच्या पोकळ भागाशी काडी आली की गुदगुल्या होत. माझी लहान बहीण एकदा बसूनच पाय पुढे करायला लागली, तर म्हणाला, "बसून आखलेली चप्पल बसाच्याच कामाची. उभी राह्य."

आजोबा गावातून जाताना वहाण काढून हातात घ्यायचा. हे मायनं सांगितलेलं. बापानं बुद्धाची दीक्षा घेतली आणि पहिली चप्पल केली, त्यात आधी काय आणि मागून काय, मला माहीत नाही. ती पायात घालून तो मधल्या गल्लीनं विहिरीपर्यंत गेला आणि त्याच गल्लीनं परत आला. त्याच्या डाव्या भुवईच्या वर एक वण होता. त्याबद्दल घरात कोणी बोललं नाही. मीही विचारलं नाही. एवढं मात्र मी पाहिलं, की बाप चप्पल कधी हातात घेत नसे.

पावसाळ्यात आमची काळी माती पाय गिळते. वावरातून येताना एकेका पायाला पायलीभर चिखल. सगळं गाव चपला हातात घेऊन चाले. बाप पायात घालून चाले. पाय उचलताना कमरेतून वाकडा होई, घामेघूम होई, पण काढत नसे.

"हातात घ्या नं वो," माय मागून म्हणे. "कोन पाह्यते अठी? बगळे?"

"हात कामासाठी आहेत."

गावातला दुकानदार एकदा त्याला म्हणाला, "काय रे, आता चपलाचा धंदा करून राह्यला का?" बाप म्हणाला, "धंदा नाई शेठ. पाय माहे आहेत." आणि खरंच त्यानं कधी विकली नाही. मीही विकली नाही. दुसरंही एक त्याचं मी उचललं. कोणाच्या पायाशी वाकायचं नाही आणि कोणाला आपल्या पायाशी वाकू द्यायचं नाही. लग्नात नवी सून वाकायला आली की तो दोन पावलं मागे सरके. मागे भिंत असली तर भिंतीला चिकटे. माझी सून पहिल्या दिवशी वाकली तेव्हा मी मागे सरकून पाण्याच्या घड्यावर बसलो होतो. घडा फुटला. ती अजून हसते.

त्या पातळ चपलेतून सगळं कळायचं. चैतात वावराच्या धुऱ्यावरच्या तापल्या दगडावरून पाय कधी उचलायचा, ते कळायचं. हरभऱ्यावरचं दव, ढेकळाची धार, वाळलेल्या बोराचं बी. छोट्या गाडीच्या रुळावर पाय ठेवला की गाडी निघाली की नाही, ते तळव्याला आधी कळे आणि कानाला मागून. पाय म्हणजे माझा दुसरा कान होता. छोटी गाडी आता बंद आहे. रुळांत बाभळी उगवल्या. आणि तळवा कधी बंद झाला, ते मला सांगता येत नाही. गाडी बंद झाली तो दिवस लोकांना आठवतो. पायाचा असा दिवस नसतो.

यंदाच्या पावसाळ्यात मला चप्पल ढिली वाटायला लागली. मी वादीला एक पीळ दिला. तरी ढिली. अजून एक दिला. म्हटलं, ट्यूबची वादी आहे, ओली झाली की सैल होत असेल. जिनिंगचे पट्टे केव्हाच गेले, आता मी ट्यूब कापूनच वादी काढतो. रोज सकाळी ओट्यावर बसून मी ती ओढून बांधायचो, दात खाऊन. आणि एक दिवस कौसल्या आतून झाडू घेऊन आली.

"अवो, ओट्यावर कोंबडी कापली का कोनं?"

रक्त माझ्या पावलाचं होतं. ओट्यापासून नळापर्यंत आणि नळापासून ओट्यापर्यंत. वादी अंगठ्याच्या बेचक्यात रुतून आत गेली होती. मी तसाच गावभर फिरून आलो होतो आणि मला वाटत होतं, ढिली आहे.

पोरगा विलास मला मोटारसायकलवर दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीण बाई लहान वयाची होती, चांगली होती. म्हणाली, "आजोबा, शुगर आहे. डोळे मिटा. मी तळव्याला दोरा लावते. लागला की हो म्हणा." मी डोळे मिटले. पंखा फिरत होता. बाजूच्या खाटेवर कोणी खोकत होतं. मी वाट पाहिली, पाहिली, आणि म्हटलं, "बाई, करा न सुरू."

"झालं आजोबा," ती म्हणाली.

निघायच्या आधी तिनं बोलायचं ते बोलून टाकलं. अंगठा काढावा लागेल. लवकर काढला तर अंगठाच जाईल, थांबलो तर पाऊल, अजून थांबलो तर गुडघ्याखाली. मी तिला म्हटलं, "अंगठा काढला तं वादी कायनं धरू?" तिला कळलं नाही. तिनं विलासला एका चपलेचं नाव सांगितलं, शुगरवाल्यांची, मऊ, वरून पट्टे चिकटवायची. विलासनं ती आणली. ती अजून प्लास्टिकच्या पन्नीत आहे.

मी म्हटलं, देत नाही. माझा अंगठा आहे, मी देत नाही.

विलासनं विनवून पाहिलं. कौसल्यानं भांडून पाहिलं, मग रडून, मग अबोला धरून. मी पट्टी बदलायचो आणि ओट्यावर बसायचो. एरंडीच्या तेलाचा वास, सरकीचा वास, हे मी वर लिहिलं. पण गेले काही दिवस या घरात वास आहे तो माझ्या अंगठ्याचा. तो काळा पडायला लागला आहे. कौसल्या उदबत्ती लावते आणि म्हणते, डासांसाठी लावली.

परवा मी पायाला पन्नी बांधून एसटीनं कारंजाला गेलो. कोणाला सांगितलं नाही. जुनी चप्पल बेचक्यात घासत होती. मला नवी करायची होती, कशी ते माहीत नव्हतं, पण टायर हवं होतं. पंक्चरवाला ओळखीचा, त्याच्या बापापासून. त्यानं ढिगाऱ्यातलं एक टायर लाथेनं सरकवलं.

"आबाजी, अब इसमें तार आती है. चाकू टूट जाएगा आपका."

"पहिले नोती येत तार."

"पहले तो बहुत कुछ नहीं था." त्यानं दुकानामागून ट्रॅक्टरचं पुढचं जुनं टायर आणलं. "ये लो, नायलॉन का. ट्यूब भी रखो. अब ट्यूब भी किधर मिलती है." मग त्याची नजर खाली गेली, पन्नीवर. "आबाजी, बैठो. चाय मँगाता हूँ."

मी बसलो नाही. बसलो असतो तर उठवायला कोणी लागलं असतं.

काल टायर कापून तुकडा काढला. भोकं पाडायला आरी घेतली तर तुकड्यावर लाल ठिपके दिसले. आरी बोटात गेली होती. डाव्या हाताच्या तर्जनीत, चांगली आत. मला डोळ्यानं कळलं. बोटानं नाही. म्हणजे पायाचं दुखणं आता वर चढलं, हाताला आलं. मी बोट तोंडात घातलं आणि ओट्यावर तसाच बसलो, आणि तेव्हा मला सोनाआत्या आठवली. आज सकाळी स्टूल लावला तो त्यासाठी.

आत्या नदीपलीकडे दिली होती. एका उन्हाळ्यात ती परत आली. अंगावर चट्टे होते. तो महारोग होता, पण घरात ते नाव कोणी घेतलं नाही. "आत्याले बरं नाई," एवढंच. नाल्यापलीकडे पळसाच्या झाडांत बापानं तिला तुराट्यांची खोपी करून दिली. माय भाकर नेऊन नाल्याकाठच्या दगडावर ठेवी, हाक मारी आणि वळे. आम्हा पोरांना दगडापुढे जायची बंदी होती. दगडापासून आत्या दिसायची. लांब, पातळ, डोक्यावर पदर, कायम हसरी.

"शाळेत गेलता का रे?" ती ओरडून विचारी.

"गेलतो."

"मंग म्हन पाढा."

मी नाल्याच्या अल्याड उभा राहून मोठ्यानं पाढा म्हणायचो. तिला पाढे येत नव्हते, पण मी कुठे अडकलो ते तिला बरोबर कळे. ती हसे, आणि मी पुन्हा पहिल्यापासून म्हणे. माझी शाळा चौथीत सुटली. मला जे पाढे येतात ते तिच्यामुळे.

तिच्या पायांना बोटं उरली नव्हती. काटा रुतला तरी तिला पत्ता नसे. एकदा चुलीतला निखारा तिच्या पायाखाली आला आणि ती तशीच उभी राहून आमच्याशी बोलत होती. वाऱ्यानं वास तिच्या आधी आम्हाला आला. माय किंचाळली तेव्हा तिनं खाली पाहिलं, पाय झटकला आणि म्हणाली, "मी तं राणी झाली वं. राणीचे पाय कुठं जमिनीले लागते."

त्याच आठवड्यात बापानं तिच्या चपला करायला घेतल्या. तिचा पाय आखला असता तर नुसता गोळा निघाला असता. बाप संध्याकाळी स्वतः टायरवर उभा राहिला, काडी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "आख." बापाच्या पायाशी मी बसलो तो तेवढाच. "आमचा दोघाइचा पाय एकच होता," तो वरून म्हणाला. "लहानपनी तिच्या पायाच्या ठशात माहा पाय बसे."

मायनं तळ पाहिला. "बोटं नाईत तं येवढी लांब कायले?"

"मानसाच्या पायाची चप्पल आहे. पुरी पाहिजे."

अंगठ्याचं भोक त्यानं पाडलं नाही. धरायला अंगठा नव्हता. पुढे दोन्ही कडांना एकेक भोक पाडलं, मागे एकेक, आणि वादी पावलावरून आडवी-तिडवी नेऊन टाचेमागून घेतली. मग चपला घेऊन तो दगड ओलांडून गेला. मी दगडापाशी उभा होतो. आत्या खोपीपुढे ओंडक्यावर बसली, आणि माझा बाप, जो कोणापुढे वाकला नाही, ज्याच्या कपाळावर तो वण होता, तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. तिचा पाय त्यानं मांडीवर घेतला. वादी एकेक वेढा बांधत गेला आणि प्रत्येक वेढ्याखाली आपलं बोट घालून फिरवून पाहत गेला.

"बोट फिरते तोवर ताणाची," तो म्हणाला. "अडकलं का सोडाची. तुह्या पायाले इचारू नको बाई. तो खोटं बोलते."

"मंग कोनाले इचारू?"

"मले."

त्यानंतर रोज. सकाळी कामावर जायच्या आधी तो नाला ओलांडून जाई, चपला बांधून येई. संध्याकाळी जाऊन सोडी. आत्या पळसांतून हिंडायला लागली. काड्या गोळा करी, शेणी थापी, नाल्याच्या काठानं चाले आणि मधेच थांबून पायाकडे पाही, नवी नवरी पाही तशी. चपलेच्या पुढच्या टोकाला बोटांची जागा रिकामी असायची. चालताना ती जागा जमिनीवर फट फट वाजे. तो आवाज मला अजून ऐकू येतो. पाऊस संपला, ज्वारी निसवली, दव पडायला लागलं, आणि रोज सकाळी नाल्यापलीकडे फट फट.

मग दिवाळी झाली आणि बाप हिंगणघाटला निघाला. नाल्यापाशी उभा राहून तो तिच्याशी बराच वेळ बोलला.

"जाय तू," आत्या म्हणाली. "मी बांधीन. तुले पाहू पाहू शिकली मी."

तिच्या हाताची बोटंही बधिर होती. वादीखाली बोट घातलं काय आणि नाही काय. माय भाकर ठेवायची, मी पाढे म्हणायचो. दगडापुढे कोणी गेलं नाही. एका सकाळी मी ओरडून विचारलं, "आत्या, वादी घट्ट झाली का वं?"

"नाई रे," ती म्हणाली. "ढिलीच वाट्टे."

ती थंडी मला धुक्याची आठवते. फट फट हळू झालं. मग आवाज सकाळीच येई, दुपारी नसे. मग भाकर दगडावर तशीच राहायला लागली आणि मुंग्या लागल्या.

बाप आला तेव्हा पळस लाल झाला होता. कमरेला पट्टा, भुवयांत रुई. त्याच्या मागे मी नाल्यापर्यंत धावलो. आत्या गेली होती. पलीकडे खोपीही नव्हती. जमिनीवर जळल्याचा एक काळा गोल होता आणि त्यावर पळसाची फुलं पडली होती. दगडावर, भाकर ठेवायच्या जागी, चपला ठेवलेल्या. कोणी ठेवल्या ते कळलं नाही. वादी मधोमध कापून कोणीतरी त्या पायातून काढल्या होत्या. गाठ सोडता आली नसावी. बापानं गाठ हातात घेतली. तिच्याखाली बोट घालायला गेला. गेलं नाही.

त्या साली ओट्यावर पट्टा सोडायचा खेळ झाला नाही. बाप पुन्हा जिनिंगवर गेला नाही. आमचे हिवाळे त्यानंतर बापासकट होते, आणि चुलीपुढे तो बसलेला असायचा, पण ती जागा रिकामीच वाटायची.

तर आज मी आत्याची चप्पल ओट्यावर ठेवली आणि तिच्यावर माझा पाय ठेवला. संध्याकाळचं माप घ्यायची सोय माझी राहिली नाही. माझा संध्याकाळचा पाय आता सुजलेला, तो सकाळच्यापेक्षा खोटा. खरा पाय इतकी वर्षं आढ्याला टांगलेला होता. पट्टीची जाडी सोडली तर कडेला कड लागली. बापाचा पाय, आत्याचा पाय, माझा पाय.

मी ती चप्पल नव्या टायरवर ठेवून खडूनं रेघ ओढली. कौसल्यानं दोन्ही हातांनी टायर दाबून धरलं. तिला आत्याची गोष्ट लग्नानंतर माझ्या मायनं सांगितली होती, मी कधी नाही.

"पुढचं जरा कमी करता का?" ती खाली पाहून म्हणाली. "अंगठ्याचं?"

"नाई. पुरी पाहिजे."

दिवसभर रापी चालवली. नायलॉनचं टायर चिवट. भोकं पाडताना आरी मी डोळ्यानं धरली. कौसल्या शेजारी बसून तूर निवडत होती आणि आरी खाली आली की तिचा हात थांबायचा. चार भोकं. दोन पुढे कडांना, दोन मागे. तिनं मोजली, मग माझ्याकडे पाहिलं.

"मधलं राह्यलं नं."

"राह्यलं नाई. उद्या सकायी हे तू बांधजो. विलासले फोन लाव, गाडी घेऊन ये म्हनाव."

सुपडं तिच्या मांडीवर तसंच राहिलं. "अंगठा देता मंग?"

"याले अंगठ्याचं भोकच नाई आता," मी म्हटलं.

ती उठून आत गेली. बराच वेळ आली नाही. नळ सुरू असल्याचा आवाज येत होता. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि तिनं आवाज नेहमीसारखा केला होता.

"उद्याची वाट कायले? आज बांधून पाहू. उद्या गाडी दारात उभी असन अन् तुमचं चालू होईन, अशी नाई, तशी नाई."

आधी मीच बांधली. वेढे घेतले, बोट घालून पाहिलं, मला वाटलं फिरतं. कौसल्यानं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अवो, कातडी पांढरी झाली वादीखाली." मी सोडली. पुन्हा बांधली. पुन्हा पांढरी.

मग ती ओट्याखाली उतरली आणि माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. मी पाय मागे घ्यायला गेलो. मागे भिंत होती.

"वाकू नको," मी म्हटलं.

"वाकून नाई राह्यली, बसली आहे. मी का तुमच्या पाया पडून राह्यली? चप्पल बांधून राह्यली. ठेवा पाय."

तिनं पाय मांडीवर घेतला. पट्टीचा वास तिच्या तोंडाशी जात असेल. तिनं तोंड फिरवलं नाही. एक वेढा, दुसरा वेढा, टाचेमागून, परत वर. दुपार उतरली होती, टायरच्या कातरणांवर ऊन पडलं होतं आणि तापलेल्या रबराचा वास येत होता.

"फिरते का?" मी विचारलं.

"थांबा." थोड्या वेळानं म्हणाली, "अडकते."

"सोड मंग जराशी."

"सोडली."

"आता?"

तिचं बोट कोणत्या वेढ्याखाली होतं, ते मला कळत नव्हतं. पाय माझा होता आणि त्यावर कोणाचा हात आहे की नाही, हेही मला कळत नव्हतं. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो.